बिनचोचीचे पोपट

आई ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीसमोर बसून क्रॉस स्टिचचे तीन पोपट एकदमच भरायची, आम्हा तिघी बहिणींसाठी एकेक. सुईत हिरवा दोरा ओवला की मॅटीच्या तिन्ही कापडांवर आधी हिरवंच. त्यामुळं घरात पंख भरपूर होते, पण धड पोपट एकही नव्हता. मी थोरली. मला भयंकर राग यायचा.

"एक तरी पुरा कर की."

"एकीचा आधी झाला की दोघी रडणार. मला न्हाय सोसत ती भांडणं."

हिरवा संपला, मग फांदीचा तपकिरी संपला. चोचीसाठी महाद्वार रोडवरून लाल दोरा आणला, तोवर आईला मोतीबिंदू झाला. ऑपरेशननंतरही तिला मॅटीची बारीक घरं मोजता येईनात. लग्नं झाल्यावर आम्ही आपापला पोपट तसाच फ्रेम करून नेला.

एका दिवाळीला आई माझ्याकडं आली. काचेवरून फिरणारं तिचं बोट चोचीच्या जागी थांबलं.

"धाकटीनं भरली काय चोच?"

"न्हाय."

"मधलीनं?"

"न्हाय की."

"मग तुझीबी ऱ्हाऊ दे."