वजनकाट्याची खोली

लोकांना घाबरवणं हा माझा रविवारचा उद्योग. बाकीचे दिवस मी मोताळ्याच्या कचेरीत कारकुनी करतो आणि तिथं मला कुणीही घाबरत नाही.

खेळ साधा आहे. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि आपण काय करणार ते बोलायचं. जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पुण्यात शिकताना मला हा नाद लागला. गोष्ट सांगणारा नेहमी मीच. समोर शर्टाच्या खोक्याचं झाकण उभं करतो आणि त्यामागे वही ठेवतो. कुठल्या दारामागे काय दडलंय ते वहीत, म्हणजे फक्त मला ठाऊक.

खेळायला तिघं यायचे. शाळेतलं एक शिक्षक जोडपं आणि शेजारचे मेडिकलवाले काका. भर दुपारी खिडकीवर गोधडी टाकून अंधार करायचा, कुजबुज ऐकू यावी म्हणून कूलर बंद ठेवायचा आणि घाम पुसत भ्यायचं, असा बेत. पण भ्यायचे कुठले!

भुताच्या गोष्टीत माणूस एकटा पडावा लागतो, आणि हे लोक एकटे पडायचेच नाहीत. बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याची गोष्ट मी तीन महिने खपून रचली होती. कापसाच्या ढिगाखाली कुणीतरी श्वास घेतंय, वजनकाट्याच्या खोलीतून खाकरल्याचा आवाज येतोय. सर म्हणाले, "मी पाहून येतो." लगेच मॅडम उठल्या, "थांबा, मी पण येते." मग काका, "मी एकटा इथं काय करू? चाला." निघाले तिघं वरातीसारखे. पुढच्या रविवारी तर मॅडमनी गोष्टीतल्या गोष्टीत पोह्यांचा डबासुद्धा सोबत घेतला. माझं डोकं फिरलं. "अहो, जरा वेगळे व्हा! सगळे मिळून गेलात तर भीती वाटेल कशी?"

"मंग एकट्यानं जायचं कायले?" काकांनी विचारलं.

उत्तर म्हणून मी गोष्टीत त्यांच्यावर छप्पर पाडलं.

मे महिन्यात सर आणि मॅडमची बदली झाली. उरले काका. काकू गेल्यापासून नाशिकची लेक त्यांना बोलावत होती, दुकानाला गिऱ्हाईकही मिळालं होतं. पण काकांनी मला शब्द दिला, "हे जिनिंगची गोष्ट संपल्याबिगर मी हालत नाही."

झालं. मी गोष्ट संपू देईना. वजनकाट्याच्या खोलीआधी एक तळघर काढलं, तळघरात विहीर, विहिरीतून भुयार. एवढं बांधकाम जिल्ह्यातल्या कुठल्या जिनिंगला नसेल. काका मुकाट्यानं फासा टाकत राहिले. एकदा माझ्यासमोरच लेकीचा फोन आला. "येतो बाई," ते म्हणाले, "थोडं काम राह्यलं." ते काम म्हणजे मी. मला माझी लाज वाटली, आणि तरी पुढच्या रविवारी मी भुयारातून आणखी एक जिना काढला.

काकांनी त्या जिन्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आज वजनकाट्याची खोली," म्हणाले.

दार आलं. मी आवाज खाली आणून खाकरणं ऐकवलं. काका भ्याले होते, फासा मुठीतून सोडेनात. इतके दिवस मी याचीच वाट पाहत होतो. मजा मात्र अजिबात आली नाही.

"मी एकटा जात नाही," काका म्हणाले. "तू चाल संग."

"काका, मी खेळात नसतो."

"काऊन नसतो? आम्ही सारे आत जाऊन राह्यलो अन् तू त्या खोक्यामांगं बसून राह्यला." त्यांनी हात लांबवून झाकण आडवं केलं.

वही उघडी पडली. त्या खोलीचं पान मी चारदा लिहून चारदा खोडलेलं होतं. काहीही लिहिलं असतं तरी त्याच्यापुढे गोष्टच उरली नसती.

काकांनी चष्मा लावून ते पान पाहिलं. "तुलेबी माहीत नाही?"

"नाही."

"मंग तर चालच."

मी फासा टाकला. "दार ढकललं," मी म्हणालो, "आत काय आहे?" हा प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला विचारत होतो.

काकांनी चष्मा काढून ठेवला. "कोणी नाही, बाबू. काटा आहे, धूळ आहे. खाकरत होता तो गेला निघून." मग फासा माझ्या हातात ठेवून म्हणाले, "झाली गोष्ट."

जाऊ नका, असं म्हणावंसं फार वाटलं. म्हणालो नाही.

पुढच्या आठवड्यात ते एसटीनं मलकापूरला जाऊन नाशिकची रेल्वे धरणार होते. मीच म्हणालो, "एकट्यानं कायले?" आणि मोटारसायकल काढली. स्टेशनवर बॅग आत ठेवून दिली, खिडकीशी उभा राहिलो. गाडी सुटली.

परतीच्या वाटेवर मागची सीट मोकळी होती. घरी येऊन कुलूप काढलं आणि दाराशीच उभा राहिलो. आत काय आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. तरी पाय उचलेना.