धुतलेली भांडी पुन्हा धुणारी

मी धुतलेली काचेची भांडी ती पुन्हा धुवायची. माझ्या डोळ्यांदेखत! रायपूरच्या त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं बाटल्या विसळल्या, अन् ही समता कॉलोनीतून संशोधनाला येणारी कालची पोट्टी हसून म्हणायची, "मौसी, आपने धोया है, बस एक बार और." घरचे नागपूरकडचे, मराठी सगळी समजायची, उत्तर मात्र हिंदीतच.

मी तिचं नाव ठेवलं होतं प्लॅटिनम. प्लॅटिनममध्ये निकेल मिसळून ती डोळ्यांना न दिसणारे कण करायची. हायड्रोजनपासून वीज करायच्या कामाला ते कण वेग देतात म्हणे. पाहून पाहून मलाही कळायला लागलं होतं. आम्लात निकेल हळूहळू निघून जातं, कण एकमेकांना चिकटतात, मग जोर संपतो. "पहले दिन तो सब चमकते हैं, मौसी. हज़ारवें चक्कर में देखो कौन टिका," असं ती म्हणायची. मी मनात म्हणायची, बावीस वर्षं कोण टिकलं ते विचार तुझ्या सरांना!

पण सरांना कुठं दिसत होतं? महागड्या सामानाच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असायची, ती त्यांनी तिला दिली. असा जळफळाट झाला माझा, काय सांगू! भांडी शेवटी शुद्ध पाण्यानं विसळायची असतात, ते मी केलंच नाही, तिची भांडी नळाखालीच विसळून ठेवली. आणि नेमकं त्याच दिवशी ती म्हणाली, "आपने धोया है, तो ठीक है."

कण चालेनात. नळाच्या पाण्यातला क्लोराइड प्लॅटिनमवर बसतो, हे मला ठाऊक होतं. सरांनी तिला सगळ्यांसमोर झापलं. ती म्हणाली, "गलती मेरी है, सर." मला आधी गोड वाटलं, दुपारी डबा मात्र उघडवेना.

काम पुरं करून ती निघाली, तेव्हा सरांना विचारून तिनं किल्ली माझ्याच हातात ठेवली. अन् पहिल्यांदा मराठीत बोलली, "मावशी, त्या दिवशी नळाचं पाणी होतं ना? कणांच्या चाचणीच्या आलेखात दिसून राहिलं होतं."

"मग बोलली काहून नाही, बाई?"

"बोलली असती तर तुमची नोकरी गेली असती."

हेवा मला तिचा आजही वाटतो. किल्लीचा नाही, त्या गप्प राहण्याचा. मला नसतं जमलं.

परवा नवी पोट्टी विचारत होती, "मौसी, धुला हुआ फिर क्यों धो रही हो?"

म्हटलं, "बस, एक बार और."