एरंडेल लावलेला गहू

पारडीच्या आमच्या गल्लीत इंदुताईंसारखं धान्य कोणी भरत नाही. कळमन्याच्या बाजारात मी जन्मभर पोती वाहिली, म्हणून हे सांगतो. एप्रिलच्या शेवटी त्या वर्षाचा गहू घेतात. गच्चीवर वाळवतात, सावलीत निवू देतात, खडा न् खडा वेचतात. मग हाताला एरंडेल घेऊन चोळत बसतात, दाणा चकाकेपर्यंत. तेल लावलेल्या गव्हाला कीड लागत नाही. मदतीला कोणी बसलं, तर त्याने चोळलेला गहू त्या पुन्हा चोळतात.

घरातला पैसाही याच रीतीने चालायचा. त्यांचे यजमान नत्थूजी कूलर दुरुस्त करतात. मार्च ते जून त्यांना जेवायला फुरसत नसते. जुलैत लोक कूलरवर प्लास्टिक टाकतात आणि नत्थूजी घरी बसतात. म्हणून उन्हाळ्याची कमाई आधी धान्यात घालायची. पोती वरच्या खोलीत ठेवायची. पोळ्यापर्यंत मागच्या वर्षीचं खायचं, नव्याला हात लावायचा नाही.

यंदाही त्यांनी तसंच भरलं, तिघांचं. मुलगी अश्लेषा हिने पुण्याच्या विद्यापीठात एम.एस्सी.साठी अर्ज केला होता, पण तो अर्ज धान्य भरताना कोणी हिशेबात धरला नाही.

जुलैत प्रवेश झाला. बँकेत होतं ते फीला गेलं. मग एका मंगळवारी वसतिगृहाच्या दुसऱ्या यादीत तिचं नाव आलं. अनामत आणि सहा महिन्यांची मेस मिळून सव्वीस हजार, शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. नाही भरले तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. बाहेर खोली घेऊन राहणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं. जागा गेली की पुणं गेलं. घरात दहा हजार होते.

मी तेव्हा त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. उठून जाणं बरं दिसलं नसतं, बसणंही बरं दिसत नव्हतं.

"सदरमधल्या कूलरच्या दुकानातून उचल घेतो," नत्थूजी म्हणाले. "मालक उद्या सोळा देते."

"अन् बदल्यात काय घेते?" इंदुताईंनी विचारलं.

"पुढचा उन्हाळा त्याच्याच दुकानाचं काम."

"अर्ध्या मजुरीत."

आईच्या ऑपरेशनला नत्थूजींनी अशीच उचल घेतली होती. एका उन्हाळ्यात फिटेल म्हणून घेतलेली ती उचल फिटायला तीन उन्हाळे लागले होते.

"मंग काय करू? तूच सांग नं वं."

अश्लेषा दाराच्या चौकटीत उभी होती. "मी नाही जात. इथंच करते एम.एस्सी."

"तुले कोणी विचारून राहिलं का?" इंदुताई म्हणाल्या. "बॅग भर." मग माझ्याकडे वळल्या. "धोंडबाभाऊ, वरची पोती खाली उतरवाले किती वेळ लागन?"

नत्थूजींनी मान वर केली. "वर्षाचं धान्य विकतं का तू?"

"तिघायचं हाय. खाणारे दोघं राहू."

"मंग एका जणाचं विक."

"एका जणाच्या धान्यात सोळा हजार येते का?"

बुधवारी सकाळी त्या तीन डब्यांत नमुने घेऊन ओमप्रकाशच्या किराणा दुकानात गेल्या. मी सोबत होतो. ओमप्रकाशने गहू हातावर घेतला, अंगठ्याने घासला, नाकाशी नेला.

"भाभीजी, याले एरंडी लावली."

"चांगली लावली. पाहा नं कसा दिसते."

"दिसते तं सोन्यावाणी. पण माझ्या मालात कसा मिसळू? डाळीले?"

"तिलेही एरंडेलच."

"अन् तांदळाले?"

"बोरिक पावडर."

ओमप्रकाशने तिन्ही डब्यांची झाकणं स्वतः लावली आणि हात जोडले.

बाजारात तेल लावलेला माल येत नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं. पण दुसऱ्याच्या घरात भरलेलं धान्य कधी परत बाजारात जाईल, असा विचारच मी केला नव्हता. माल वर्षभर टिकावा म्हणून घेतलेले कष्टच आता आडवे आले होते.

गुरुवारी इंदुताई गल्लीत दारोदार फिरल्या. सगळ्यांनी आपापलं भरलेलं. एकीने दोन पायल्या गहू मागितला, तोही उधार. संध्याकाळी नत्थूजींनी बाहेर जायचा शर्ट घातला.

"उद्या दुपारपर्यंत थांबा," इंदुताई म्हणाल्या.

"अन् दुपारी मालक दुकानात नसला तं?"

"तं माहं चुकलं म्हणा."

नत्थूजी शर्ट न काढता पलंगावर बसले. सकाळी पाहिलं, तोच शर्ट अंगात होता.

मागच्या गल्लीत मेघाची मेस आहे. काटोल, मौदा इकडून शिकायला आलेली पोरं तिथे जेवतात. इंदुताईंना ती आधी सुचली नाही असं नाही. जायचं जड वाटत होतं. कधीतरी नळावर त्या मेघाला सगळ्यांसमोर बोलल्या होत्या. शुक्रवारी सकाळी त्या तिच्या दारात गेल्या आणि अकराच्या सुमारास मेघा वरच्या खोलीत आली.

"काकू, तुमीच म्हणाल्या होत्या नं, मेसच्या पोळीत खडे राहते म्हणून?"

"म्हणाली होती. म्हणूनच बिनखड्याचा गहू दाखवून राहिली."

मेघाने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळाचा गहू वर काढला. पोतं असंच पाहावं लागतं. मग तिने दुसरं पोतं तसंच पाहिलं, मग तांदूळ, मग डाळ.

"सगळ्याचे पंधरा देते."

"सोळा."

"बाजारात नवा आणला तरी एवढ्यातच होते, काकू. अन् हा तेलाचा."

"तेल लावलं म्हणून कमी नाही होत. तुह्याकडे गहू निवडते कोण?"

"एवढा वेळ कोणाले हाय? पोतं सरळ चक्कीत जाते."

"मंग हा घे, अन् पोरायले विचार."

नत्थूजी जिन्यात उभे होते. तिथूनच म्हणाले, "देऊन टाक वं पंधराले. उरलेला हजार मी पाहतो कुठून तरी."

"कुठून पाहता?" इंदुताईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "मेघा, आठ दिवस मी यावर बसली. तुह्या दोन बाया लावल्या असत्या तं मजुरी हजाराच्या वर गेली असती. मी हजारच मागून राहिली."

मेघाने तळहातावरचा गहू पसरला. खालून तिला पोरांच्या दुपारच्या जेवणाची हाक आली. ती पसरतच राहिली. खडा सापडत नव्हता.

"सोळा," ती म्हणाली. "पण पोती तुमी पोचवून द्यायची."

तिने फोनवरून पैसे अश्लेषाला पाठवले. अश्लेषाने दहा हजार त्यात मिळवून वसतिगृहाचे भरले. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. नत्थूजींनी दोनदा विचारलं, अश्लेषाने दोनदा बोट ओठांवर ठेवलं. मग पावती आली. तिने ती आईला दाखवली, आईने अक्षर न वाचता मान हलवली. नत्थूजींनी शर्ट काढून खुंटीला लावला.

पोती नत्थूजींनी आणि मी उतरवली. पोतं चढवताना दम लागतो, उतरवताना गुडघे जातात. माझ्या गुडघ्यांना एकच पोतं झेपलं. खाली आलो तर इंदुताई पन्नासची नोट घेऊन उभ्या.

"राहू द्या, वहिनी."

"मी माह्या कष्टाचे घेतले. तुमी तुमचे घ्या."

एका पोत्याचे पन्नास होत नाहीत. मी वीस सुटे मागितले आणि घेतले.

शेवटचं पोतं गेल्यावर मेघा परत आली. "काकू, महिन्याच्या महिन्याले मले असाच निवडून, तेल लावून गहू तयार करून देता का?"

"मजुरी आधी ठरव."

मेघाने सांगितलेला आकडा ऐकून इंदुताई आत निघून गेल्या. मेघाने दुसरा आकडा सांगितला, तेव्हा बाहेर आल्या. सहा महिन्यांनी मेसचे पुन्हा भरायचे आहेत. ते या मजुरीत बसतील की नाही, मला सांगता येत नाही. थोडे बसतील.

अश्लेषा रविवारच्या गाडीने गेली. पोळा झाला, मागच्या वर्षीचं संपलं, तेव्हा इंदुताईंनी ओमप्रकाशकडून दहा किलो गहू आणला. एवढासा गहू त्यांनी पहिल्यांदाच विकत घेतला होता. गच्चीवर गहू वाळवला, निवडला, सवयीने एरंडेलाची बाटली उघडली. मग थांबल्या. दोघांना दहा किलो महिनाभरही पुरणार नव्हता, त्याला कीड कधी लागणार. झाकण घट्ट लावून त्यांनी बाटली मेघाकडून तयार करायला आलेल्या पोत्यापाशी नेऊन ठेवली.