बावखलाचा फोटो

वालीवच्या कारखान्यानं मला मशीन पसंत करायला चीनला धाडलं, तेव्हा एक रविवार मोकळा मिळाला. सोबतची दुभाषी मुलगी मला एका जुन्या सरोवराच्या बागेत घेऊन गेली. वाकलेले दगडी पूल, कमळं, सगळं बघण्यासारखं; पण माझी नजर काठच्या चिखलावरच. ती म्हणाली, शेकडो वर्षं इथला गाळ उपसतात, आपण चालतोय तो बांधही त्याच गाळाचा. शेजारच्या संग्रहालयात गाळ वाहायच्या बांबूच्या टोपल्या काचेआड ठेवल्या होत्या. वर दिवा लावून!

मला हसूच आलं. असल्या टोपल्या मी डोक्यावरून वाहिल्यात. माझ्या गावी, वटारला, आमच्या वाडीत बावखल होतं, म्हणजे झाडांना पाणी पुरवणारं तळं. मे महिन्यात पाणी आटलं की सगळं घर त्यात उतरायचं. गाळ केळीच्या बुंध्याशी पडायचा आणि हाती लागलेल्या मासळीचं कालवण चार घरांत जायचं. आईच्या पायांना आठवडाभर त्या गाळाचा वास यायचा. त्या काचेपाशी नाक नेलं, तर वास फक्त पॉलिशचा.

हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती म्हणाली, "फोटो दाखवा ना."

फोन पुष्कळ धुंडाळला. त्या जागेचा एकच फोटो निघाला, मीच हौसेनं काढलेला: नवी फरशी आणि तिच्यावर माझी नवी गाडी.

"छान आहे," ती म्हणाली. "पण तळं कुठे आहे?"

मी गाडीच्या चाकाखाली बोट ठेवलं.