चार बोटांचा फरक

रज्जाकभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होतो. त्यांचा मुलगा म्हणाला, "अब्बा गेले, सर. सकाळीच." मी बरं म्हणालो, फोन ठेवला आणि उरलेली हजेरी पुरी केली. दीड महिना झाला... रडू अजून आलेलं नाही.

उंद्रीचे रज्जाकभाई आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये सुतार. आमचा हवेचा बोगदा त्यांनीच बांधला. लांबलचक लाकडी खोकं, एका तोंडाशी आत वारा फेकणारा दणदणीत पंखा, मधे काचेची खिडकी आणि समोरच्या भिंतीत बसवलेले माइक. आत तपासायचं पंख्याचं पातं ठेवायचं, वारा सोडायचा आणि आवाज नेमका कुठून निघतो ते कॉम्प्युटरवर लाल ठिपक्यानं बघायचं. पहिल्याच दिवशी ठिपका पात्यावर नाहीच, वारा जातो त्या बाजूला चार बोटं पुढे! तिथं होता फक्त फळ्यांचा सांधा. झालं, माझं डोकं फिरलं. पोरांसमोर कडाडलो, "सांधा फुंकतोय तुमचा, हवा गळतेय. एवढं साधं काम जमत नाही?" त्यांनी सांधा उकलला, लांबी भरली, घासला. ठिपका तिथंच. पुन्हा उकलला...

तिसऱ्या दिवशी त्यांनी पात्याच्या जागी मोटारसायकलच्या इंडिकेटरचा बझर बांधला. पंखा बंद असताना ठिपका बरोबर बझरवर. काचेवर त्या जागी त्यांनी लाल खूण केली. पंखा लावला, ठिपका चार बोटं सरकला. दुसरी खूण.

"सर, बझर तं जागचा हालला नाही. आवाज हवेसंगं वाहून जाऊन राह्यला."

वारा आवाजाला पुढे नेतो, तेवढं अंतर हिशेबात मागे घ्यावं लागतं, हे वर्गात शिकवणारा मी आणि विसरणाराही मीच! दुपारी कॉम्प्युटरच्या हिशेबात दुरुस्ती घातली, ठिपका जागेवर आला, सगळ्यांना चहा पाजला. चूक माझी होती, एवढं मात्र तोंडातून निघालं नाही. उद्या म्हणू, उद्या म्हणू करत पाच वर्षं गेली.

उंद्रीला भेटायला गेलो तर भाभी म्हणाल्या, "घरी सांगत जात, हवेचा हिशेब सरनंच शिकवला मले." मी मान हलवली. चहा पिऊन परत आलो.

काल नवी पोरं काच पुसत होती. एकानं विचारलं, "सर, या दोन खुणांतली खरी कोणती?"

"पंख्याकडची. ती रज्जाकभाईंची. दुसरी माझी." मग म्हणालो, "सांधा चांगला होता. चूक माझी होती."

पंखा बंद होता. सगळ्यांना नीट ऐकू गेलं... एक माणूस सोडून.