सुनेच्या झोपेची राखण

माझ्या तोंडाचा पट्टा जरा सैल आहे, हे आधीच सांगून टाकते. हे गेल्यावर मी मुलाकडे दिल्लीत मयूर विहारला राहायला आले. पहिल्याच आठवड्यात भाजीवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांशी माझं एकेकदा वाजून झालं. सून मात्र अबोल. मोठ्या हॉस्पिटलात नर्स, हृदयाच्या वॉर्डात. रात्रपाळी करून सकाळी यायची, दोन घास खायची आणि पडदे ओढून झोपायची.

दिवसाढवळ्या झोपणारी सून! माझ्या जिवाची नुसती तगमग व्हायची. बरं, झोप तरी कुठली? ‘सिस्टर घरी असते’ हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक. कुणाला इंजेक्शन टोचून हवं, कुणाची पट्टी बदलायची. दुसऱ्या मजल्यावरची आंटी तर रोज बाराच्या ठोक्याला बीपी मोजायला हजर. “बस दो मिनट, बेटा!” आणि मी शहाणी तिला हलवून उठवायचे. आपली सून दहाजणांच्या उपयोगी पडते म्हणून मिरवायचे.

त्या संक्रांतीला तर मी कहरच केला. दुपारी तीनला हळदीकुंकू ठेवलं. आपल्या मराठी बायका पार करोल बागेतून मेट्रोनं येणार, मग घरच्या सुनेनं नटायला नको? रात्रभर उभी राहून, दुपारी आंटीचं बीपी मोजून पुन्हा आडवी झालेल्या पोरीला दीड तासात उठवून काठपदर नेसायला लावलं. बिचारीनं एकीला हळद लावली आणि कुंकू विसरली, दुसरीला तिळगूळ दोनदा दिला, आणि वाणाच्या गाळण्या हातात धरून भिंतीला टेकली ती तिथेच झोपली. बायका फिदीफिदी हसल्या. मीही हसले.

संध्याकाळी तिनं माझ्यापुढे एक कागद ठेवला. राजीनामा लिहून आणला होता.

“आई, काल मी औषधाचं नाव दोनदा वाचलं आणि तरी चुकीची बाटली उचलली. ऐनवेळी लक्षात आलं म्हणून. एक दिवस नाही येणार लक्षात, आणि कुणाचा तरी जीव जाईल. त्यापेक्षा मी घरी बसते.” एवढं बोलून ती रडायलाच लागली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. झोपमोड करणारी मी, आणि आवडीचं काम सोडणार ती! “मला एक महिना दे,” मी म्हटलं आणि कागदाची घडी करून तूरडाळीच्या डब्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी मुलाकडून बेलची वायर काढून घेतली. दारावर हिंदीत पाटी लावली: ‘सिस्टर सो रही है। पाँच बजे के बाद आइए। जल्दी हो तो सास से लड़िए।’ आणि दाराबाहेर खुर्ची टाकून मटार सोलत बसले.

लोक आले आणि खरंच भांडले. सेक्रेटरीनं पाटीवर हरकत घेतली, त्याला मी असं फैलावर घेतलं की तो लिफ्टची वाट न बघता जिन्यानंच पळाला. आंटी म्हणाली, “इतना भी क्या, दो मिनट का काम है!” माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत मी म्हटलं, तुमच्यासारख्या दहाजणांची दोन-दोन मिनिटं गेल्यावर तिला काय उरतं? आंटीनं अबोला धरला. धरू दे! सून आता सहा-सहा तास झोपायला लागली. जेवताना बोलायला लागली. एकदा तर माझ्या हिंदीची नक्कल करून मुलाला हसवलंन्.

महिना संपायला चार दिवस होते, तेव्हा आंटीच्या नवऱ्याला छातीत जळजळतंय म्हणून सुनेच्याच वॉर्डात ठेवलं. पहिला रिपोर्ट ठीक आला. ॲसिडिटी असेल, घरी सोडू, असं ठरत होतं. सुनेला त्याच्या चेहऱ्याचा रंग ठीक वाटेना. डॉक्टरांना पुन्हा बोलावून पुन्हा तपासायला लावलं, आणि निघाला हार्ट ॲटॅक. माणूस वाचला. काही आठवड्यांनी करोल बागेतल्या त्याच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानाचं शटर पुन्हा वर गेलं. त्या दुकानावर त्याच्या एकट्याचंच घर नाही, चार कामगारांचीही घरं चालतात.

दुकान उघडलं त्याच दुपारी आंटी मिठाईचा डबा घेऊन वर आली. दार ठोठावायला हात उचलला, पाटी वाचली आणि मटकन पायरीवर बसली.

मी म्हटलं, आज उठवते हवं तर.

“ना, सोने दो,” ती डोळे पुसत म्हणाली. “उस दिन उसकी आँख लग जाती तो...”

मग तीही माझ्याबरोबर मटार सोलत बसली.

पाचला सून केस बांधत दारात आली. आंटीनं तिला पोटाशी धरलं. आंटी गेल्यावर मी धीर करून विचारलं, “डाळीच्या डब्यातल्या त्या कागदाचं काय करायचं गं?” महिना केव्हाच उलटला होता, पण त्याचं नाव आम्ही दोघींनीही काढलं नव्हतं.

“फाडून टाका,” ती म्हणाली. मग जरा अडखळली. “आई, उद्या दुपारीही झोपू द्याल ना?”

एवढंच मागत होती पोर.

“झोप तू,” मी म्हटलं. “मी आहे दारात.”