कोलांटीची जमीन

कोलांटी साधी चालत कधी आलीच नाही. बेडोक उपनगरातल्या आमच्या इमारतीखाली ती आधी हातांवर यायची, मग पायांवर, आणि मग विचारायची, "मावशी, चहा टाकलाय?" शेजारच्या शुभाची ही एकुलती एक; खरं नाव कुणी घेतच नसे. बर्फ फक्त फ्रीजमध्ये सापडणाऱ्या या बेटावरची पोर स्कीवरून हवेत कोलांट्या मारते, हे मी पुण्याच्या बहिणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुझी थापा मारायची सवय काही जात नाही."

थाप नव्हती. ट्रॅम्पोलिनवरच्या तिच्या उड्या पाहून एका प्रशिक्षकाने तिला थंड देशात नेलं. तिथे उतारावरून सुसाट यायचं, टोकाच्या चढावरून तीन मजले वर उडायचं, कोलांट्या-गिरक्या घ्यायच्या आणि पायांवर बर्फात उतरायचं. तिचा पहिला व्हिडिओ मी पूर्ण पाहिला, डोळे मिटून.

"एवढ्या गरगरण्यात जमीन सापडते कशी गं?"

"शोधायची नसते, मावशी. घाई केली की संपलं. थांबायचं. जमीन येते."

"पडलीस का?" हा प्रश्न तिला खपायचा नाही. पडणं वेगळं, उतरणं वेगळं. तिची स्पर्धा असली की शुभा सोफ्यावरची उशी पिळत बसायची आणि शेवटी म्हणायची, "उतरली बाई."

गेल्या हिवाळ्यात मात्र ती पडली. दोनदा, डोक्यावर. विश्रांतीसाठी घरी आली आणि तिचं मराठी अडखळायला लागलं. कुकरला "ते शिट्टीवालं" म्हणाली, उशीला "डोक्याखालचं". इथे वाढलेल्या मुलांचं मराठी असंच, म्हणून आम्ही पोट धरून हसलो. "थंडीत राहून मराठी गोठलं हिचं," शुभा म्हणाली. "गोठलं ला, आई," असं इथल्या इंग्लिशचं शेपूट जोडत तीही हसली.

मग एका सकाळी आम्ही तिघी हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाड्यांच्या मंडईत, गेलो. उसाच्या रसाच्या गाड्यापुढे कोलांटी उभी. हा रस ती दात आल्यापासून पीत आलेली. दुकानदार अंकलने विचारलं, "येस, गर्ल?" ती नुसती चरकाकडे बघत राहिली.

"अगं, मराठीत नको, इंग्लिशमध्ये माग," शुभा हसत म्हणाली.

कोलांटी वळली. "आई, इंग्लिशमध्येच शोधतेय."

शुभाचं हसू तोंडावरच राहिलं.

रस न घेताच आम्ही टेबलाशी बसलो, तेव्हा सगळं बाहेर आलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, डोक्याला आणखी एक मार बसला तर गेलेले शब्द परत येतील याची खात्री नाही. तिने ते प्रशिक्षकापासून लपवलं होतं. पुढच्याच महिन्यात निवड स्पर्धा होती, आणि लहानपणापासूनच्या सगळ्या उड्या त्या एका उडीसाठी होत्या. हाताशी उशी नव्हती, म्हणून शुभा टेबलावर कुणाचा तरी राहिलेला स्ट्रॉ पिळत राहिली. कोलांटीने त्या स्ट्रॉकडे पाहिलं, फोन उचलला आणि प्रशिक्षकाला सगळं सांगितलं. बोलणं संपल्यावर म्हणाली, "पडले नाही हं, आई. उतरले."

आता ती मुलांना ट्रॅम्पोलिन शिकवते. माझ्याकडे येते ती सरळ, पायांवर चालत. शब्द अजून हरवतात. दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ न देणारी बाई म्हणून माझी ख्याती आहे, पण तिच्यापुढे मी जीभ दाताखाली धरून थांबते. जमीन येते, असं मनात घोकते. बहुतेकदा येतेही.

काल दारात उभी राहून म्हणाली, "मावशी..." आणि अडली. मी थांबले. खूप थांबले. मग तिने माझ्या हातातल्या कपाकडे बोट दाखवलं, आणि मी आत जाऊन आधण ठेवलं.